काढ्यानंतरचं ताट

४ जून

ताई,

आधी कामाचं सांगतो, म्हणजे नंतर तू पत्र अर्धवट टाकून उठलीस तरी चालेल. काढ्याचा पुडा आता पाठवू नकोस. निदान मी सांगेपर्यंत तरी नको.

हे फोनवर बोलता येत नाही. फोन बाबांच्या शिलाई मशीनशेजारी असतो आणि मी तुझ्याशी बोलायला लागलो की मशीन थांबतं. तुला पलीकडून मशीनचा आवाज येत नसेल तर समज, ते ऐकतायत. म्हणून पत्र.

महिनाभराचा पुडा अर्ध्या महिन्यातच संपला. सकाळी काढा, दुपारी काढा, संध्याकाळी काढा आणि मध्ये कुणी गिऱ्हाईक आलं तर त्याच्याबरोबर पुन्हा काढा. आलं, मिरी, दालचिनी, गवती चहा, ज्येष्ठमध. भिंतींनासुद्धा आता हाच वास येतो. काढ्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. त्याच्याबरोबर दुसरं काहीच पोटात जात नाही, हे माझं म्हणणं आहे. फार तर दोन बिस्किटं.

कामावर जायच्या आधी मी डाळ, भात आणि एक भाजी करून ठेवतो. पातेल्यांवर झाकणं ठेवतो. परत येतो तेव्हा झाकणं होती तशी. भातावर डाव फिरवल्याची खूण असते ना, ती पण तशीच.

"बाबा, जेवला नाहीत?"

"जेवलो की."

"भात तर तसाच आहे."

"थोडा घेतला."

"कुठून घेतला? वरून की कडेनं?"

मग चष्मा कपाळावर सारून म्हणतात, "शिंपी मी आहे की तू? मापं कसली घेतोस?"

संध्याकाळी धरावं म्हटलं तर दुकानं बंद झाल्यावरच आमचं पाट्या रंगवण्याचं खरं काम सुरू होतं. मी घरी येईपर्यंत ते आडवे झालेले असतात. वर समोरच्या मावशी मला ऐकवतात, "तुझे बाबा म्हणजे पथ्याचा माणूस. आमच्या ह्यांना सांग जरा, दिवसभर तळलेलं हाणतात." मी काय बोलणार? निदान त्यांचे हे हाणतात तरी.

पत्र मिळालं की कळव. पुडा नको, हे पुन्हा लिहितो.

तुझा
बारक्या

१२ जून

बारक्या,

तुझं पत्र वाचून आधी हसले. राग आला तर येऊ दे. लहानपणी आई काढ्याचा पेला घेऊन आली की तू पलंगाखाली जायचास आणि पाय बाहेरच राहायचे. काढ्याशी तुझं वैर जुनं आहे, त्यात बाबांना ओढू नकोस.

आता माझं ऐक. आमच्या आहाराच्या पाहणीसाठी मी रोज घरोघर हिंडते. काल काय खाल्लं, परवा काय खाल्लं, भाजी किती वेळा, फळ किती वेळा, तळलेलं किती, असं विचारायचं. त्यातच एक प्रश्न आहे, घरात काढा किंवा तसलं काही रोज घेतात का. आणि इतक्या घरांतून फिरल्यावर मी आता सांगू शकते की जिथे रोज काढा उकळतो तिथे भाजी असते, डाळ असते, फळ असतं. जिथे नाही तिथे बहुतेक ठिकाणी पाव आणि पुड्यातलं काहीबाही. आमचे साहेबही हेच म्हणतात. काढ्याची सवय असलेला माणूस एकंदरच नीट खातो.

त्यामुळे पुडा लवकर संपला हे वाचून मला बरंच वाटलं. आई गेल्यावर बाबा सगळंच सोडून देतील, अशी मला भीती होती. निदान तिची ही एक सवय त्यांनी धरून ठेवलीय. मी दुप्पट पाठवलाय.

आणि तू स्वयंपाक करतोस ते चांगलंच आहे, पण जरा चव घेऊन बघत जा. तुझ्या हातची भाजी मी खाल्लेली आहे.

पुढच्या महिन्यात दोन दिवस सुट्टी मिळेल. येते.

ताई

२० जून

ताई,

पुडा आला. बाबांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि मला म्हणाले, "बघ. लेकीला कळतं."

तू लिहिलेलं मी तीनदा वाचलं. काढा असतो तिथे भाजी असते. असेल. तू घरं बघितलीस, मी एकच घर बघतोय. पण या घरात काढा आहे आणि भाजी संध्याकाळी मी टाकून देतो. ती खराब झालेली असते म्हणून टाकतो, वाईट असते म्हणून नाही. मी चव घेतो.

आमच्याकडे परवा काय काम आलं ते ऐक. एका वैद्यांच्या दुकानाची पाटी. मजकूर असा: "रोज काढा, आहाराची चिंता सोडा." मी आमच्या मालकांना म्हटलं, "हे बरोबर नाही." ते म्हणाले, "वेलांटी चुकलीय?" म्हटलं, "वेलांटी नाही, वाक्यच चुकलंय." तर म्हणतात, "तुला अक्षरं रंगवायला ठेवलाय, अर्थ तपासायला नाही." सगळे हसले. मी रंगवली पाटी. अक्षरं चांगली आली आहेत. तिच्यासमोरून रोज जावं लागतं, दात-ओठ खातो आणि जातो.

मला एवढंच हवंय की तू काही ठरवून न येता ये आणि डोळ्यांनी बघ. मी आईसारखं बोलू शकत नाही, आणि तुझ्यासारखं माझं ते ऐकत नाहीत. ते बारीक होतायत असं मला वाटतं. पण तसं दाखवता येत नाही, कारण कपडे तर अगदी बरोबर बसतात. मग मलाच वाटतं, माझीच नजर बिघडली.

बारक्या

१८ जुलै

बारक्या,

सुखरूप पोचले. गाडीत बसल्यापासून तुझ्यावर चिडायचं ठरवलं होतं, आता चिडते.

काय घाबरवलंस मला! मी आपली येताना काय काय मनात आणत होते. आणि बाबा दारात उभे, इस्त्रीची पँट, कमरेला अशी बसलेली की कालच शिवलीय. दोन दिवसांत चारही वेळा पोटभर जेवले. दुसऱ्या दिवशी भाजी मागून घेतली. आधी काढा, मग जेवण, अगदी आईच्या वेळेसारखं. तू तेव्हा कामावर होतास, तू बघितलं नाहीस, त्याला मी काय करू?

सरावासाठी मी आमचे सगळे प्रश्न त्यांना विचारले. एकदाही अडले नाहीत. सोमवारी पालक आणि डाळ, मंगळवारी अंडी, बुधवारी दुधी, रोज एक फळ, रविवारी खीर. माझ्या साहेबांना दाखवलं तर म्हणाले, तुमचे वडील म्हणजे नमुना आहेत.

तेव्हा आता तूच विचार कर. मी वाढलं की जेवतात आणि तू केलेलं पातेल्यात राहतं, म्हणजे खोट कुठे आहे? मी तुला दुखवायला लिहीत नाही. पण प्रत्येक गोष्टीची काळजी करून तू स्वतःलाही खातोस आणि दुसऱ्यालाही. डाळीला फोडणी दे. मिठाचा हात सैल सोड. आणि त्यांच्या मागे लागणं बंद कर.

पुडा शुक्रवारी पाठवते.

ताई

२ ऑगस्ट

ताई,

बाबा पडले. आता बरे आहेत, आधी हे वाच आणि मग पुढचं.

मंगळवारी दुपारी एका कोटाचं कापड बेतत उभे होते. समोरच्या मावशींना कात्री पडल्याचा आवाज आला, पाठोपाठ बाबा. मला दुकानात निरोप आला तेव्हा मी शिडीवर होतो. हातातला डबा तसाच सोडला. खाली एकाच्या डोक्यावर पिवळा रंग पडला, त्याची माफी अजून मागायची आहे.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "आहार कसा आहे?" बाबा आडवे पडून म्हणाले, "रोज काढा असतो." डॉक्टर म्हणाले, "वा, छान!" आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. मला त्या वेळी काय झालं माहीत नाही. मी ओरडलो. म्हटलं, "छान काय छान! काढ्याशिवाय काय असतं ते विचारा ना!" सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाबांनी तोंड भिंतीकडे केलं.

मग सिस्टरने त्यांची पँट सैल करायला सांगितली. मी बटण काढलं, आणि ताई, कमरेला आतून वीतभर कापड दुमडलेलं. दोन्ही बाजूंनी, मागे पण. एक शिवण, तिच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी. प्रत्येक वेळेला नवीन. सदऱ्याला बगलेपासून खालपर्यंत तसंच. वरून एक सुरकुती नाही. इतकं सफाईदार काम मी त्यांच्या हातचंसुद्धा क्वचित बघितलंय. ते बारीक होत गेले आणि कपडे आत घेत गेले. त्यावर तू म्हणालीस, कमरेला कशी बसलीय!

घरी आल्यावर विचारलं, "हे काय आहे?"

"काय काय आहे? शिंप्याच्या अंगावर ढगळ कपडे बघून गिऱ्हाईक पुन्हा येईल का?"

"आणि कपडे ढगळ का झाले?"

"कापड सुटतं."

कापड सुटतं! सगळ्या पँटींचं एकदम सुटतं!

डॉक्टरांचं म्हणणं, सगळ्या तपासण्या केल्या, रोग नाही. पोटात अन्न नाही. आणखी एकदा असं झालं आणि पडताना डोकं मशीनवर आपटलं तर त्यांना काही करता येणार नाही.

तुझा पुडा आला होता. मी तो दुकानात नेऊन ठेवलाय. बाबा दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीत. तू मला मिठाचा हात सैल सोडायला सांगितलं होतंस. मला आता आणखी काय काय सैल सोडायचं ते कळव.

बारक्या

९ ऑगस्ट

बारक्या,

तुझं शेवटचं वाक्य मला लागलं. लागायलाच हवं होतं.

पत्र आलं त्या दिवशी कामावर गेले नाही. बाबांनी सांगितलेली उत्तरं पुन्हा आठवली. सोमवारी पालक, मंगळवारी अंडी, बुधवारी दुधी. अरे, हे आईचं वेळापत्रक आहे. ती असताना आठवड्याचं असंच असायचं. रविवारची खीरसुद्धा. मी विचारलं काल काय खाल्लं, आणि त्यांनी आईच्या वेळचा काल सांगितला. आणि मी, जिचं कामच हे, मान डोलावत लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी काढा घेणाऱ्या काही घरांत परत गेले. या वेळी विचारलं नाही. म्हटलं, जरा पाणी द्या, आणि त्या निमित्तानं स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. बहुतेक घरांत जे सांगितलं होतं ते खरंच होतं. परातीत निवडलेली भाजी, शेगडीवर डाळ, आणि तिथेच एक बाई काढ्याला उकळी यायची वाट बघत. पण एक निवृत्त मास्तर आहेत, एकटेच. त्यांनी मला फळांची नावं सांगितली होती. त्यांच्याकडे एकच पातेलं होतं, काढ्याचं.

मला काय वाटतं सांगू? काढ्यामुळे माणूस नीट खातो असं नाही. काढा उकळायला जे कुणी उभं राहतं, तेच भाजीही निवडतं. आपल्याकडे ते कुणीतरी गेलं आणि काढा तेवढा मागे राहिला. साहेबांना सांगितलं तर म्हणाले, आकडे आहेत तसे राहू देत, तुमच्या घरचं दुःख पाहणीत आणू नका. दार आपटून आले.

आता एक विचारते. तू झाकून ठेवतोस ते त्यांना वाढतं कोण? आई कसं करायची आठव. त्यांना काढा द्यायची आणि ते पीत असतानाच ताट वाढायला घ्यायची. पेला खाली ठेवला की ताट समोर. जन्मात त्यांनी पातेल्याचं झाकण उचललं नसेल. मी आले तेव्हा मीही नकळत तसंच केलं. म्हणून जेवले. तुझ्या हातात खोट नव्हती रे. मी उगाच बोलले.

ताई

१७ ऑगस्ट

चि. मुलीस,

तुझं नऊ तारखेचं पत्र घरी आलं तेव्हा हा कामावर होता. मी वाचलं. पाकीट माझ्या घरात आलं, म्हणजे वाचायला मी मोकळा आहे. याने पुडा कुठेतरी लपवला आहे. लहान मुलाची मिठाई लपवतात तसा. या वयात मला हे बघायला लागतंय.

तुम्ही दोघं माझ्याबद्दल फार लिहिता. मी वेडा नाही. पातेल्यात भात आहे हे मला दिसतं. काढा प्यायला की मला भूक लागते. मग मी हात धुऊन बसतो. बसून राहतो. थोड्या वेळानं भूक जाते. मग पुन्हा काढा करतो. एवढीच गोष्ट आहे. यात तुम्ही डॉक्टर आणि साहेब आणि समोरच्या बाई कशाला आणल्या?

खीर तुझी आई रविवारी करायची, हे मी खोटं सांगितलेलं नाही.

पुडा परत द्यायला त्याला सांग.

बाबा

३० ऑगस्ट

ताई,

बाबांनी तुला पत्र लिहिलं हे मला तू फोन केलास तेव्हा कळलं. तू फोनवर रडलीस आणि त्यांनी मशीन थांबवलं होतं, त्यामुळे मला काही बोलता आलं नाही. आता बोलतो.

पहिल्यांदा मी चिडलो. खरं सांगतो, कीव नंतर आली. भूक लागते, हात धुऊन बसतो. अरे, मग उठा ना! दोन पावलांवर शेगडी आहे. लोकांचे कोट शिवणारे हात, झाकण उचलताना त्यांना काय होतं? मी हे त्यांना तोंडावर म्हणालो. ते म्हणाले, "वाढून घेऊन एकट्यानं जेवणं म्हणजे खानावळ. मी घरात राहतो." मी म्हणालो, "खानावळीतसुद्धा माणसं जेवतात!" मावशी खिडकीत आल्या. मी त्यांच्यावरही ओरडलो. नंतर त्यांना सॉरी म्हटलं.

मग मालकांकडे गेलो. म्हटलं, दुपारी घरी जाऊन येईन, संध्याकाळी तेवढं जास्त थांबेन. ते म्हणाले, "बायको आलीय की काय घरी?" म्हटलं, "वडील आहेत." त्यावर मात्र कुणी हसलं नाही. मालक म्हणाले, जा.

पुडा परत आणला. पहिल्या दिवशी मी आईसारखंच करायला गेलो. आधी काढा दिला आणि ताट वाढायला घेतलं. माझा हात तिच्यासारखा भराभर चालत नाही. मी भात वाढेपर्यंत त्यांचा पेला संपला आणि ते उठून मशीनवर जाऊन बसले. मी ताट घेऊन उभा. इतका संताप आला की ते ताट मीच मशीनच्या कडेवर ठेवलं. त्यांनी तिथला कापडाचा तुकडा नुसता बाजूला केला. जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी उलट केलं. म्हटलं, आधी ताट. ताट संपलं की काढा. "तुझ्या आईनं असं कधी केलं नाही." म्हटलं, "आईला पाट्या रंगवायच्या नव्हत्या." पेला शेगडीजवळ झाकून ठेवला आणि त्यांच्यासमोर माझं पण ताट घेऊन बसलो. ते बघत राहिले. मी जेवायला लागलो. वास सगळ्या घरात, आणि काढा मिळत नाही. असे माझ्याकडे बघत होते, जसं काही मी त्यांचं माप चुकवलंय. मग एक घास घेतला. मग चार. तेवढेच. उरलेलं तसंच सोडलं आणि काढा मागितला. मी दिला. द्यायला नको होता का, कळत नाही. तू असतीस तर कळलं असतं.

असं रोज चाललंय. कधी अर्धं ताट, कधी तेही नाही. एक दिवस म्हणाले, "तुझ्या काढ्यासाठी मी जेवतोय, लक्षात ठेव." माझ्या काढ्यासाठी! मला दुपारी धावत यायचं, धावत जायचं, पायाला फोड आलेत, आणि उपकार त्यांचे माझ्यावर. वजन डॉक्टरांकडे केलं, वाढलेलं नाही. कमीही झालेलं नाही. डॉक्टर म्हणाले, चालू ठेवा. चालू ठेवण्याशिवाय मला दुसरं काय येतं?

आणि काल. डाळ, भात, दोडका. दोन घास झाल्यावर त्यांनी हात थांबवला आणि म्हणाले, "डाळीला मीठ नाही."

मीठ होतं, ताई. मी चाखून बघितलं होतं, दोनदा. माझ्या ओठांवर आलं होतं की मीठ आहे, तुमच्या तोंडाची चव काढ्यानं मारलीय. पण आई गेल्यापासून त्यांनी माझ्या डाळीला एकदाही नावं ठेवली नव्हती. ठेवणार कशी? खाल्लीच नव्हती.

मी उठलो आणि मीठ आणून दिलं.

बारक्या